आवाजाचा अर्धा वाटा

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज सकाळी साडेनऊ वाजता नातीच्या घरी सुखरूप पोहोचलो. सामान : पत्र्याची पेटी एक, वळकटी एक, छत्री एक व ही नवी वही. नात बसथांब्यावर उतरवून घ्यायला आली होती. पेटी तिने माझ्या हातून ओढूनच घेतली व म्हणाली, की तीन जिने आहेत, आजोबा, पेटी मी घेते, तुम्ही फक्त तुमचा रुबाब घ्या. ही मुलगी दोन वर्षांची असल्यापासून अखंड बोलत आली आहे. तिला घरात सर्व जण साळुंकी म्हणतात.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्याची ओळख असावी, असा माझा नियम आहे. मी सेवानिवृत्त जुळारी आहे. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर उभा करणे, हे काम मी एकेचाळीस वर्षे केले. शिक्षण इयत्ता चौथी. तथापि पदवी घेतलेले संपादक ऱ्हस्वदीर्घ विचारण्यास माझ्या घोडीपाशी येत असत. माझ्या हातून गेलेल्या मजकुराबद्दल मी ‘बरोबर आहे’ असे एकदा म्हटले, की तो पुन्हा कोणी तपासत नसे. माझा शब्द आजवर खाली पडलेला नाही.

बिऱ्हाड दोन खोल्यांचे, परंतु स्वच्छ आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर संगणक. खिडकीखाली गल्ली असून तळमजल्यावर एका शिंप्याचे दुकान आहे. मला आतली खोली दिली आहे. पत्नी गेल्यापासून चार वर्षे एकटा जेवत होतो. आज दोन ताटे मांडली गेली. मन प्रसन्न आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

नातीचे काम समजून घेतले. एका संग्रहालयासाठी ती घरी बसून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकते व त्यांतील बोलणे जसेच्या तसे टंकलिखित करते. सध्याची ध्वनिमुद्रणे तीस वर्षांपूर्वीची आहेत. बंद पडलेल्या एका छापखान्यातील वृद्ध कामगारांच्या आठवणी त्यांत साठवल्या आहेत. बोलणाऱ्यांपैकी आता कोणीही हयात नाही. आमच्या धंद्यातले शब्द नातीला कळत नाहीत, म्हणून तिने मला बोलावून घेतले. ती म्हणाली, की आठवडाभर एक म्हातारा ‘घोडी, घोडी’ म्हणतोय आणि मी छापखान्यात तबेला शोधतेय. जुळाऱ्याच्या खिळ्यांचा खण ज्या उतरत्या चौकटीवर ठेवतात तिला घोडी म्हणतात, हे मी तिला सांगितले. ती पोट धरून हसली.

कार्यालयाचा नियम मला फार आवडला. प्रत्येक ध्वनिमुद्रण दोघांनी एकाच वेळी ऐकायचे. जे दोघांना ऐकू आले तेच लिहायचे. जे एकालाच ऐकू आले ते सोडून द्यायचे. तिची जोडीदारीण काम सोडून गेल्याने दुसरे कान आता माझे.

संगणकाला हेडफोनचे भोक एकच आहे. त्यासाठी नातीने बोटभर लांबीची एक दुतोंडी तार आणली आहे. तिचे एक टोक संगणकात जाते व दुसऱ्या बाजूस दोन हेडफोन बसतात. मात्र असे जोडले की आवाज उतरतो. नात म्हणाली, की आवाज तेवढाच, वाटेकरी दोन, मग अर्धा तुमचा आणि अर्धा माझा. मी म्हणालो, की वाटणी चोख असली म्हणजे झाले.

येथे एक गोष्ट लिहून ठेवतो. ती फक्त या वहीपुरती आहे. मला उजव्या कानाने काहीही ऐकू येत नाही व डाव्याने थोडे येते. छपाईच्या यंत्रांशेजारी जन्म काढल्याचा तो परिणाम. समोरच्याच्या ओठांवरून मी निभावून नेतो. हेडफोनमधील माणसाला मात्र ओठ नसतात. पूर्ण आवाजातही मला शब्द तुटकच येतात, अर्ध्या आवाजात तर मधमाश्यांचे पोळे. नात टंकलिखित करते ते पडद्यावर वाचून मी मान डोलावतो. धंद्यातला शब्द चुकला असेल तर तो वाचूनही दुरुस्त करता येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज एका यंत्रचालकाचे ध्वनिमुद्रण चालू होते. नातीने ते मध्येच थांबवले. ती म्हणाली, की म्हातारा बोलायचा थांबला की मागे एक बाई हळूच काहीतरी बोलते. आणि बोलते काय, तर ‘स्वल्पविराम, पूर्णविराम’! विरामचिन्हं कोण बोलतं, आजोबा?

मला तत्काळ उलगडा झाला व आनंद झाला. छापखान्यात प्रूफ तपासताना दोघे बसत. एक मूळ प्रत मोठ्याने वाची व दुसरा छापील कागदावर डोळा ठेवून ऐके. वाचणाऱ्याने प्रत्येक चिन्हही उच्चारायचे, म्हणजे एकही सुटत नाही. मी तिला सांगितले, की शेजारच्या खोलीत कोणी वाचकीण काम करीत असणार. ध्वनिमुद्रण छापखान्यातच झालेले दिसते.

तिचे डोळे चमकले. तिने पुन्हा तो भाग लावला व विचारले, की तुम्हालाही ऐकू आली ना? तुम्हाला आली तरच लिहिता येईल.

मला काहीही ऐकू आले नव्हते. मधमाश्यादेखील नाहीत. परंतु एवढे स्पष्टीकरण दिल्यावर ‘नाही’ कसे म्हणावे? मी म्हणालो, की हो, स्वच्छ ऐकू आली.

तिने कंसात लिहिले : ‘मागे एक स्त्री मजकूर वाचते आहे.’

शनिवार, ९ नोव्हेंबर

कार्यालयातील मुख्यबाईंचा दूरध्वनी आला. त्यांनी नातीस विचारले, की ही बाई कुठून काढलीत? आम्ही इकडे तिघांनी ऐकले, कोणालाच सापडली नाही. नात गोंधळली व तिने दूरध्वनी माझ्या हाती दिला. मी मुख्यबाईंना सांगितले, की मी या धंद्यात एकेचाळीस वर्षे काढली आहेत, वाचकिणीचा आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? ती वाचत होती व मी ते माझ्या कानांनी ऐकले. त्या नरमल्या. म्हणाल्या, की तुम्ही एवढं छातीठोकपणे सांगताय, तर राहू दे.

दूरध्वनी खाली ठेवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्यांचे सर्व बोलणे मी उजव्या कानाने ऐकले होते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

माझे कान परत आले आहेत. खाली शिंप्याचे यंत्र चालते ते येथे तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते. तो गिऱ्हाईकाला म्हणत होता, की कापड तुम्ही आणलं दीड माणसाचं आणि तुम्ही आहात दोन माणसांचे, यात माझ्या कात्रीचा काय दोष? मी एकटाच खिडकीत उभा राहून हसलो. माणसे परस्परांना किती गमतीचे बोलतात, हे मी वीस वर्षे विसरलो होतो.

हेडफोनमध्येही आता प्रत्येक शब्द सुटा व स्पष्ट येतो. नातीने आज तीनदा आवाज वाढवला. मी म्हणालो, की पुरे, कान फाटतील. ती म्हणाली, की काहीतरीच काय, मला पुसटच येतोय.

सायंकाळी दूध उतू गेले. नात ओट्याकडे पाठ करून बसली होती. फसफस मला आतल्या खोलीत ऐकू आली, तिला नाही. कामाचा शीण असावा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज मी तिला प्रथम ऐकले. वाचकिणीला.

यंत्रचालक श्वास घेण्यास थांबला, की त्या फटीत ती वाचते. आवाज कोरडा व एकसुरी आहे. घाई नाही. फार वर्षे वाचत आलेल्या माणसाचा आवाज.

पुढे यंत्रचालकाने तिचीच हकिकत सांगितली. ती जशी ऐकली तशी लिहितो. त्यांच्या छापखान्यात प्रत वाचण्यास एक बाई होती. समोर एक मुद्रितशोधक बसे. मोठा मानी मनुष्य. अकरा वर्षे ती वाचत गेली व तो मान डोलावत गेला. एके दिवशी छापलेल्या पुस्तकात आख्खे पान गळाल्याचे उघड झाले. मालकाने बाईला दोष दिला. ती म्हणाली, की मी वाचलं होतं, यांना विचारा. तेव्हा कळले, की तो मनुष्य पहिल्या दिवसापासून ठार बहिरा होता. अकरा वर्षे ती कोणालाच वाचून दाखवत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या खुर्चीवर बसलेली सापडली. प्रत मांडीवर, तोंड उघडे, जीव गेलेला.

यंत्रचालक येथे थांबला व त्या फटीत ती म्हणाली, की पूर्णविराम.

नातीला मी विचारले, की ऐकलेस ना? ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी पुन्हा विचारले. तिने माझ्या ओठांकडे पाहिले. माणूस ओठांकडे असा केव्हा पाहतो, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार?

शनिवार, १६ नोव्हेंबर

नातीस कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सर्व तपासण्या केल्या. म्हणाले, की कानात काहीही दोष नाही, पडदा उत्तम आहे, थोडी विश्रांती घ्यावी. हे त्यांनी मला सांगितले. तिला कागदावर लिहून द्यावे लागले.

गेल्या शनिवारी ती मजेत बोलत होती. आज दिवसभरात तिने सात वाक्ये उच्चारली. मी मोजली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून बोलवत नाही, असे तिने कागदावर लिहिले व खाली लिहिले, की साळुंकीचा दगड झाला. हा विनोद होता. मी हसून दाखवले.

तिला फक्त हेडफोनमधले ऐकू येते, आणि तेही सगळे नाही. यंत्रचालक गेला, मधले आवाज गेले. वाचकीण तेवढी येते. म्हणून हेडफोन कानांवरून काढवत नाही, असे तिने लिहिले.

आवाज तेवढाच व वाटेकरी दोन. मी तिचा वाटा खातो आहे. मी म्हणालो होतो, की ऐकले. तो शब्द खरा करून देण्यासाठी तिचे कान माझ्याकडे येत आहेत.

दुपारी मीही हेडफोन लावून बसलो. वाचकीण वाचत होती : ‘आज सकाळी साडेनऊ वाजता नातीच्या घरी सुखरूप पोहोचलो, पूर्णविराम. सामान, दोन टिंबे, पत्र्याची पेटी एक, स्वल्पविराम’ —

ही वही माझ्या पेटीत असते. पेटीला कुलूप आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

मी कबूल करायचे ठरवले. आयुष्यात प्रथमच. मुख्यबाईंना दूरध्वनी केला व सांगितले, की मी बहिरा आहे, त्या दिवशी मला काहीही ऐकू आले नव्हते, मी खोटे बोललो, कंसातले वाक्य खोडावे. त्या म्हणाल्या, की आजोबा, बहिरे असता तर माझ्याशी बोलला कसे असता?

तीच कबुली नातीला कागदावर लिहून दिली. तिने दोनदा वाचले. लिहिले, की पण आता तर तुम्हाला येतं ना ऐकू? मग खोटं कुठं राहिलं? आणि माझा हात हातात घेऊन थोपटला. मला तिचा राग हवा होता.

कबुलीलाही वेळ असते. ती मी दवडली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नात सकाळपासून टेबलाशी आहे. हेडफोन कानांवर. संगणक बंद. दुतोंडी तार संगणकातून निघून नुसती टेबलावर पडली आहे.

तिचे ओठ हलतात. ती वाचकिणीबरोबर वाचते. विरामचिन्हांसकट.

तिच्या खांद्याला हात लावला. दचकली नाही. हाक मारली. तिचे नाव मी इतक्या मोठ्याने घेतले, की शिंप्याने खालून विचारले, काय झालं हो आजोबा? सगळ्या इमारतीला ऐकू गेले. तिला —

तिच्याशेजारी बसून माझा हेडफोन लावला. वाचकीण म्हणत होती : ‘तिच्याशेजारी बसून माझा हेडफोन लावला, पूर्णविराम.’

हे मी तेव्हा लिहिले नव्हते. आत्ता लिहितो आहे. ती माझ्यापुढे गेली आहे.

बुधवार, २० नोव्हेंबर

शिंप्याची मोठी कात्री मागून आणली. म्हणाला, की कापड कापायची आहे, भलतं काही कापू नका, धार जाईल. मी म्हणालो, की कापडच आहे. हेही खोटे.

माझ्या हेडफोनची तार कापली. फक्त माझी. तिची कापली तर तिचा उरलासुरला वाटाही जाईल, या भीतीने —

कात्री मिटल्याचा आवाज आला नाही. त्यानंतर काहीच नाही. गल्ली नाही. शिंपी नाही. उजवा नाही, डावाही नाही.

दाराशी कोणीतरी आले असावे. नातीने मान वळवली. दाराकडे. हेडफोन काढला. उठली. दार उघडले. शिंपी, कात्री परत न्यायला. दोघांचे ओठ हलत होते. ती हसली. मग ती बोलत राहिली, बोलत राहिली, हातवारे करून.

तिला ऐकू येते. मला आणखी काही नको.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

शांतता असेल असे वाटले होते.

ती नाही. वाचकीण वाचते आहे. तार नाही, यंत्र नाही. आता पूर्ण आवाज. वाटेकरी एकच.

हरकत नाही. मी ऐकेन. अकरा वर्षे म्हणाली तर अकरा वर्षे. कोणी तरी ऐकायलाच हवे होते तिचे —

नात सकाळपासून माझ्या तोंडाकडे पाहते आहे. तिने कागदावर लिहिले, की तुम्ही मघापासून मान डोलावताय, आजोबा. कशाला? मी लिहिले, सवय. तिने लिहिले, की ती बाई अजून बोलत असेल तर सांगा. मी पुन्हा हेडफोन लावते. अर्धी तुम्ही ऐका, अर्धी मी. एकट्याला नाही सोडणार.

तिचा हेडफोन टेबलावर आहे. कालच तोही कापायला हवा —

ती खुर्ची ओढून शेजारी आली आहे. माझा कागद बाजूला सारून वहीच पुढे ओढली. पुढची ओळ तिच्या हातची.

*आजोबा, खरं सांगा. काही ऐकू येतं का?*

माझा शब्द ती पुन्हा तपासत नाही. लहानपणापासून नाही. म्हणून विचारते आहे. एकच शब्द लिहायचा आहे. वाचकीण थांबत नाही. मला थोडी उसंत —

नाही. मला काहीही ऐकू येत नाही. नात खांद्यावरून वाचते आहे स्वल्पविराम तिने हा मजकूर कोणाचा ते ओळखले आहे स्वल्पविराम तिने टेबलावरचा हेडफोन उचलला स्वल्पविराम आजोबांनी तिचा हात धरला पण